मोत्याच्या वाडग्याला ठिबक

ज्याला कुत्र्याच्या घशात गोळी घालता येते, त्याला सोलापूर स्टेशनवर जनरल डब्यातही खिडकी मिळते. बाकीच्यांच्या मनात कधी ना कधी तो विचार येतोच, की औषध पाण्यात घालावं आणि घालायचं काम यंत्राकडे सोपवावं. मल्टिव्हिटॅमिन, सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन, उन्हाळ्यात इलेक्ट्रोलाइट, दातांवरच्या थरासाठीचं द्रावण, सगळ्या बाटल्यांवर 'एका लिटरला ५ मिली' असलं काहीतरी छापलेलं असतंच. कुत्रा पाणी पिणार, पंप औषध सोडणार, आपण मोकळे. हा बेत आखताना कुत्र्याला कुणी विचारलेलं नसतं, एवढीच काय ती अडचण.

सोलापुरात हे सुचायला फार डोकं लागत नाही. डाळिंबाच्या बागेत ठिबकला व्हेंचुरी, म्हणजे मध्येच अरुंद होणारी नळी, जोडून खत सोडतात. पोल्ट्रीत पाण्याच्या लाइनवर मेडिकेटर बसवून १:१२८ अशा प्रमाणात औषध देतात. वीज नको, पाणी वाहिलं की औषध आपसूक ओढलं जातं. त्यामुळे प्रत्येक गल्लीत सांगणारे एक काका असतातच, "काय बे, एवढ्याला पंप कशाला? बागेतली व्हेंचुरी पडून हाय, नेऊन जोड की!" काकांचा मान राखावा, व्हेंचुरी आणू नये. तिला अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात चांगला फरक लागतो. बागेत तो मोटार देते, गच्चीवरच्या टाकीतून वाडग्यात येणारी बारीक धार देऊ शकत नाही. मेडिकेटरलाही ठरावीक प्रवाह लागतो. तो शेकडो कोंबड्या मिळून देतात. एकटा मोत्या जीभ लपालपा हलवून किती देणार?

म्हणून फिरून फिरून सगळे येतात पेरिस्टाल्टिक पंपावर. १२ व्होल्टचा, मुठीत मावणारा. आत रोलर फिरतात आणि सिलिकॉनची नळी चिमटत औषध पुढे ढकलतात. औषधाला फक्त नळीच लागते, त्यामुळे धुणं सोपं. मोजमाप असं करायचं: आधी नळी औषधानं पूर्ण भरून घ्यायची, मग पंप बरोबर एक मिनिट चालवून मोजपात्रात धरायचं. ४० मिली आलं तर ५ मिलीला साडेसात सेकंद. हे पाण्यावर मोजून मोकळं होऊ नये. सिरप घट्ट असतं, त्याला पाण्याचा हिशोब लागू पडत नाही. सिरपच पातळ करून बाटलीत भरून ठेवलं तर त्यातलं टिकाऊपणाचं द्रव्यही पातळ होतं आणि उन्हाळ्यात ते लवकर आंबतं. नळी दाबून दाबून ढिली पडते, म्हणून महिन्याला पुन्हा मोजायचं. आणि औषधाची बाटली वाडग्यापेक्षा खाली ठेवायची. वरच्या फळीवर ठेवली आणि थकलेली नळी नीट मिटली नाही, तर रात्रीतून अख्खी बाटली वाडग्यात उतरते. नळी उघड्यावर सोडली तर ती कुत्र्याच्या दृष्टीनं चघळायचीच वस्तू. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपातून न्यावी.

इथपर्यंत सगळं पंपाच्या हातात असतं. पुढे प्रश्न येतो, पंपानं औषध सोडायचं कधी?

सोपं उत्तर म्हणजे घड्याळ. पण घड्याळावर चालणारा पंप हा लग्नाच्या पंगतीतल्या जोशातल्या वाढप्यासारखा, पानात काय उरलंय ते न बघता वाढत सुटतो. मोत्या दिवसभर पलंगाखाली, वाडगं जसंच्या तसं, तरी सकाळी ५ मिली, दुपारी ५ मिली, संध्याकाळी ५ मिली. त्यात वीज गेली आणि आली की पंप चालू-बंद करणाऱ्या ज्या कंट्रोलरला स्वतःची सेलवाली घड्याळ-चिप नाही, त्याचा दिवस पहिल्यापासून उजाडतो आणि सकाळचा डोस पुन्हा पडतो. दिवसातून तीनदा वीज गेली तर मोत्याला आणखी तीन सकाळी.

म्हणून शहाणे लोक फ्लोट व्हॉल्व्हच्या (वाडगं भरलं की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या तोटीच्या) आधी प्रवाहाचा सेन्सर लावतात. जेवढं पाणी वाडग्यात येईल तेवढ्याच प्रमाणात औषध. कागदावर बिनतोड. बाजारात सर्रास मिळणाऱ्या अर्धा इंची सेन्सरची चक्री लिटरला साधारण ४५० पल्स, म्हणजे मोजणीचे ठोके, देते, पण मिनिटाला निदान १ लिटर पाणी वाहिलं तरच. फ्लोट व्हॉल्व्ह वाडगं भरत आलं की थेंब थेंब सोडतो, त्यावर चक्री ढिम्म हलत नाही. म्हणजे कुत्रा घोट घोट प्यायला तर हिशोबात काहीच प्यायला नाही. उलट टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की पाइपातली हवा आधी सुटते आणि चक्री हवेवरही तितक्याच निष्ठेनं गरगरते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे टाकीचा तळ सगळ्यांच्या ओळखीचा. पाणी येतं त्या दिवशी घरात हंडे, बादल्या, पिंप भरायची धांदल, आणि कोपऱ्यात पंप 'टर्र टर्र' करत हवेला व्हिटॅमिन देत असतो.

खरी गंमत मे महिन्यात. पारा ४० च्या वर, वाडगं ओसरीत. वाडग्याचं तोंड २५ सेंमी असेल आणि दिवसात १ सेंमी पाणी उडालं, तर ते होतं जवळजवळ अर्धा लिटर. फ्लोट व्हॉल्व्ह इमानानं तेवढं भरतो, सेन्सर मोजतो, पंप अडीच मिली औषध सोडतो. पाणी उडतं, औषध खाली राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवस वाडगं उपसलं नाही तर छापलेल्या प्रमाणाशी त्या पाण्याचा काही संबंध उरत नाही, शिवाय बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा थर फ्लोटच्या बिजागरीवर चढून तो अडकतो तो वेगळाच. २० किलोचा कुत्रा एरवी दिवसाला एक ते सव्वा लिटर पितो, कडक उन्हात त्याच्या दुप्पटही. म्हणजे लिटरच्या हिशोबानं डोसही दुप्पट. बी गटातली जीवनसत्त्वं जास्त झाली तर बहुतांशी लघवीवाटे निघून जातात, ती पिवळीजर्द होते इतकंच. अ आणि ड मात्र शरीरात साठतात. मोठ्या जातीच्या पिलांना जादा कॅल्शियम दिलं तर हाडं बिघडतात. ही मंडळी पाण्यात घालायचीच नाहीत, ही माझी हट्टाची अट.

फिरत्या पाण्याचं कारंजं असेल तर त्यातलं कोळशाचं फिल्टर आधी काढा. एकीकडे पंप औषध सोडतोय आणि दुसरीकडे कोळसा ते शोषून घेतोय, असा संसार कित्येक घरांत महिनोन्‌महिने गुण्यागोविंदानं चालतो. प्रोबायोटिक घालायचं तर पाण्यात क्लोरीन नको, त्यातले जीवाणू मरतात. आपल्याकडे साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा आधीच उडालेला असतो, तेवढा दिलासा. तांब्याचं भांडं माणसांना ठेवा, तांब्यानं क जीवनसत्त्व लवकर नासतं. (कुत्रं ते स्वतःच्या शरीरातच तयार करतं, पण बाटलीवर संत्र्याचं चित्र असलं की आपला जीव राहत नाही.) उन्हात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, जातं. माशाचं तेल पाण्यावर तरंगतं, ते पंपातून पाठवायचा विचारही नको. गोड सिरप असेल तर वाडग्याला बुळबुळीत थर येतो आणि मुंग्यांची रांग लागते. पाणी रोज बदलायचं, उन्हाळ्यात दोनदा, आणि वाडगं घासून. इथे 'स्वयंचलित' हा शब्द खाली ठेवून नारळाची काथी हातात घ्यावी लागते.

आणि माणसांचं साखरमुक्त काहीही कुत्र्याच्या पाण्यात नको. त्यात साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल असू शकतं, आणि ते कुत्र्याची रक्तातली साखर एकदम पाडतं, यकृतही बिघडवतं. दातांच्या काही द्रावणांतही ते असतं. लेबल चष्मा लावून वाचा.

आता मुख्य पात्र. मोत्या येतो. वाडग्याच्या कडेवर नाक फिरवतो. एकदा जीभ लावतो, थांबतो, नाकावरून जीभ फिरवतो, पंपाकडे एक नजर टाकतो. मग शांतपणे मागच्या बाजूला जाऊन कूलरखाली साचलेलं पाणी पितो. पाण्याला वास आला की पिणं कमी होतं, आणि सोलापूरच्या उन्हात पिणं कमी होणं हे व्हिटॅमिन कमी पडण्यापेक्षा कितीतरी वाईट. मांजर तर पाण्याच्या बाबतीत जन्मजात संशयी, तिचं वाडगं मुळीच छेडू नये. म्हणून नियम असा, की औषधाच्या वाडग्याशेजारी साध्या पाण्याचं वाडगं कायम हवंच. आणि ते ठेवलं की मोत्या साधंच पितो. आता पंप, सेन्सर, कंट्रोलर सगळं अचूक चालतंय. वाडग्यात किती औषध पडलं ते मिलीच्या दशांशापर्यंत कळतं. कुत्र्यात किती गेलं हे कुणालाच कळत नाही.

माझं विचाराल तर ५ मिलीची सिरिंज घ्या आणि डॉक्टरांनी वजनावर सांगितलेला डोस कुस्करलेल्या भाकरीवर किंवा दोन चमचे दह्यात द्या. शेंगाचटणी लावून नको, तिच्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

तरीही यंत्राची हौस असेलच, तर रोज वाडगं पूर्ण रिकामं करून, एक लिटर मोजून भरून, त्यात एकदाच ५ मिली सोडायचे. दिवसभरात वरून भर नाही, कमी पडलं तर शेजारचं साधं पाणी आहेच. कंट्रोलरमध्ये दिवसाची कमाल मर्यादा घालून ठेवा, म्हणजे वीज कितीदा आली-गेली तरी पंप दुसऱ्यांदा उठणार नाही. त्यासाठी 'आज दिलं' ही नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत हवी. संध्याकाळी उरलेलं मोजा, उडालेल्या पाण्याचा अंदाज वजा करा. आणि समोरच्या काकूंना विचारून ठेवा, त्या दुपारी गेटबाहेर भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याचं घमेलं ठेवतात का. ठेवत असतील तर तुमच्या हिशोबात अर्धा लिटर तिकडेच गेलेलं असेल.