जबाबदारीने टाका, म्हणजे नेमके कोठे टाकू?

आज दुपारपासून एका छापील वाक्याने माझे डोके उठवले आहे. मागवलेले मेमरी कार्ड घरी आले. कार्ड नखाएवढे, पण ते कडक पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यात बसवलेले, तो साचा बबलरॅपमध्ये गुंडाळलेला, त्याभोवती हवा भरलेल्या पिशव्या आणि या सगळ्यावर बाहेरून एक चकचकीत पाकीट. त्या पाकिटावर हिरव्या पानाच्या चित्राखाली लिहिले होते: ‘पृथ्वीची काळजी घ्या. हे वेष्टन जबाबदारीने टाका.’

म्हणजे चार थर चढवण्याचा निर्णय त्यांचा, स्वस्त वेष्टनात झालेली बचतही त्यांची आणि जबाबदारी तेवढी माझी. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार इतक्या गोड भाषेत चालतो, की आपल्याला उलट अपराधीच वाटू लागते. कार्डाला ओल लागू नये म्हणून एखादे आवरण हवे, हे मान्य. चार कशासाठी?

पाकिटाच्या मागे बाणांचा त्रिकोण होता आणि त्यात ७ हा आकडा होता. या खुणेवर आपण सगळेच विश्वास ठेवत आलो. प्रत्यक्षात १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केलेली ही आकड्यांची पद्धत वस्तू कोणत्या प्रकारच्या प्लास्टिकची आहे एवढेच सांगते. त्या वस्तूवर कोठेतरी पुनर्प्रक्रिया होईल, अशी हमी ती देत नाही. ७ म्हणजे तर ‘इतर’, ज्यात पहिल्या सहा प्रकारांत न बसणारे सगळे कोंबलेले असते. वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि कधी धातूचेही पातळ थर एकमेकांना चिकटवून अशी पाकिटे बनतात. ते थर पुन्हा सुटे करणे कोणालाच परवडत नाही, त्यामुळे भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. मी ते पाकीट धुतले, वाळवले, वेगळ्या पिशवीत ठेवले, तरी त्याचा शेवट कचऱ्याच्या डोंगरावर किंवा भट्टीतच होणार. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातील जेमतेम नऊ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली, असा अंदाज २०१७ मध्ये संशोधकांनी मांडला होता. बाकीचा सगळा बेजबाबदार लोकांनी टाकला, असे त्या पाकीटवाल्यांना म्हणायचे आहे काय?

रुग्णालयातील सुया, सलाईनच्या पिशव्या, रक्ताच्या पिशव्या यांना प्लास्टिक लागते आणि लागणार, हे कबूल. तो विषय मी येथेच सोडतो, कारण माझ्या घरी आलेले पाकीट कोणाचा जीव वाचवत नव्हते.

कोणी म्हणेल की ‘विघटनशील’ प्लास्टिक वापरावे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी अशा पिशव्या तीन वर्षे मातीत पुरून आणि समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. विघटनशील म्हणून विकली गेलेली पिशवी त्यानंतरही सामान पेलण्याइतकी शाबूत होती. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी हिरव्या पानांची चित्रे छापणे काही थांबलेले नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, आणि राग उतरला की मला मिडवे बेटावरचे अल्बट्रॉस आठवतात. पॅसिफिक महासागरात, मोठ्या वस्तीपासून अतिशय दूर असलेल्या त्या बेटावर हे पक्षी समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणारे तुकडे अन्न समजून उचलतात आणि घरट्यात परतून पिलांना भरवतात. मेलेल्या पिलांच्या पोटांत बाटल्यांची झाकणे आणि लायटर सापडतात. त्या आईबापांनी आपले काम किती निष्ठेने केलेले असते! त्यांना आपण काय सूचना छापून देणार आहोत?

आणि हे केवळ एका पाकिटापुरते असते, तर मी एवढे लिहिलेही नसते. प्लास्टिक प्रदूषणाविरुद्ध बंधनकारक करार करायचा, असे मार्च २०२२ मध्ये नैरोबीत राष्ट्रांनी ठरवले. पुढे बुसान येथील आणि ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील वाटाघाटी कराराविना संपल्या. वादाचा एक मोठा मुद्दा हाच होता, की मुळात उत्पादनावर मर्यादा घालायची की नाही. प्लास्टिक जवळजवळ सगळे खनिज तेल आणि वायूपासूनच बनते, तेव्हा तेलसंपन्न देश कचऱ्याच्या व्यवस्थापनावर बोलायला तयार आणि उत्पादनाचे नाव काढले की आडवे, यात नवल नाही. माझ्या पाकिटावरचे वाक्यच तेथे सूटबूट घालून बसले होते.

‘आधी स्वतःपासून सुरुवात करा’ असे येथे कोणीतरी लिहीलच. ती आपण सर्वांनी कधीच केली आहे. आता विकणाऱ्यांवर कायद्याने बंधन हवे: वेष्टन किती आणि कशाचे वापरावे यावर मर्यादा हवी, आणि वापरलेले वेष्टन स्वखर्चाने परत घेण्याची सक्ती हवी. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयांच्या बाटल्या आणि डब्यांवर अनामत घेतली जाते आणि त्यांतील बहुतांश परत येतात. तेथील माणसे आपल्यापेक्षा सज्जन आहेत म्हणून नव्हे. रिकामी बाटली दिली की २५ सेंट हातात पडतात आणि तशा बाटल्या विकणारा दुकानदार ती घ्यायला सहसा नकार देऊ शकत नाही, म्हणून.