दुकानदार तयारच आहे

“आपल्या छोट्या व्यापाऱ्याला हिशेबाचं सॉफ्टवेअर कितीही सोपं करून द्या, तो वापरणार नाही. तिकडे इंग्लंडात बघा, प्लंबरसुद्धा मोबाइलवरून व्हॅट भरतो.” पुण्या-नाशिककडच्या कर सल्लागारांकडून आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता सरळ राग येतो. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: दुकानदारांसाठी प्रशिक्षण शिबिर घ्या. स्क्रीन मात्र आहे तशीच ठेवायची.

आधी इंग्लंडचं सांगतो, कारण दाखला इथला देतात आणि मी इथेच राहून असं सॉफ्टवेअर बनवतो. व्हॅटची डिजिटल सक्ती इथे एप्रिल 2019 मध्ये आली, आणि तीही 85,000 पौंडांच्या वर उलाढाल असणाऱ्यांपुरती. व्हॅट नोंदणी असलेल्या सगळ्यांना ती लागू व्हायला एप्रिल 2022 उजाडलं. प्राप्तिकराची तशीच योजना वर्षानुवर्षं पुढे ढकलत 6 एप्रिल 2026 वर आणली, तीसुद्धा पहिल्या टप्प्यात धंदा आणि घरभाडं यांतून 50,000 पौंडांपेक्षा जास्त ढोबळ उत्पन्न असणाऱ्यांना. व्हॅटचं रिटर्न म्हणजे नऊ चौकटी, बहुतेकांना तीन महिन्यांतून एकदा. एवढं करूनही कितीतरी धंदे एक्सेलमध्येच हिशेब ठेवतात आणि ब्रिजिंग सॉफ्टवेअरमधून, म्हणजे एक्सेलमधले आकडे उचलून पुढे पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून, त्या नऊ चौकटी एचएमआरसीला, म्हणजे इथल्या करखात्याला, धाडतात. यात प्लंबरची हुशारी कुठे आली? त्याच्याकडे मागितलं कमी आणि त्याला मुदत दिली भरपूर. आपल्या दुकानदाराने 1 जुलै 2017 ला जीएसटी अंगावर घेतला, मालाच्या वर्गवारीचे एचएसएन कोड घेतले, दरातले बदल घेतले, क्यूआर कोड गल्ल्याशेजारी चिकटवला. त्याला अजून ‘तयार नाही’ म्हणणारे नेमकं काय मोजतात?

दुकानातला एक साधा व्यवहार घेऊ. गिऱ्हाइकाची तीन बिलं बाकी आहेत: 860, 940 आणि 540. एकूण 2,340. तो येऊन हजार रुपये टेकवतो. वहीत एका ओळीचं काम, जमा 1,000, बाकी 1,340. सॉफ्टवेअर मात्र विचारतं, हे पैसे कोणत्या बिलापोटी? मागे चार माणसं खोळंबलेली असतात. ज्या बटणाने लवकर सुटका होते ते दुकानदार दाबतो, म्हणजे रक्कम कुठल्याच बिलाला न लागता खात्यावर मोकळी पडते. महिन्याने वसुलीची यादी काढली की फिटलेलं 860 चं बिल थकीत दिसतं. त्या यादीवरून त्याने कुणाला फोन केला आणि समोरच्याने “अहो, मी पैसे देऊन गेलो” असं सुनावलं की यादीवरचा विश्वास संपला. वही परत गल्ल्यावर येते. आणि शिबिरात सांगतात, दुकानदाराला शिस्त नाही.

खरं तर काम सॉफ्टवेअरने करायचं होतं. पैसे सगळ्यात जुन्या बिलापासून आपोआप लावावेत: 860 पूर्ण, उरलेले 140 पुढच्या बिलात. सेव्ह होण्याआधी एकच ओळ दाखवावी, ‘860 फिटलं, 940 पैकी 800 बाकी, एकूण बाकी 1,340.’ बदल हवा असेल तर त्याच ओळीवर बोट ठेवता यावं. एखाद्या बिलावर वाद असेल तर त्याला ‘थांबवलं’ अशी खूण करता यावी, म्हणजे आपोआप होणारी वाटणी ते बिल सोडून पुढे जाईल. हे बनवायला आठवड्याचं काम लागत असेल तर शिबिराला मांडव लागतो, जेवणावळ लागते आणि दर वर्षी ते पुन्हा घ्यावं लागतं.

एका पैशाचा घोळ असाच. एमआरपी 100 रुपये, कर 18 टक्के धरलेला. 100 ला 1.18 ने भागलं की 84.7458 येतात, म्हणजे 84.75. त्यावर 9 टक्के सीजीएसटी (केंद्राचा वाटा) 7.63 आणि एसजीएसटी (राज्याचा) तेवढाच. बेरीज करा: 100.01. डब्यावर छापलंय शंभर आणि बिल होतं एक पैसा जास्त. मग राऊंड ऑफची ओळ येते, रोज येते, आणि महिनाअखेरीस त्या खात्यात काहीतरी साचलेलं दिसतं ज्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. क्रम उलटा केला तर हे होतच नाही. आधी दोन्ही कर काढा, प्रत्येकी 7.63, आणि करपात्र किंमत वजाबाकीने घ्या, 84.74. बेरीज बरोबर शंभर. दुकानदाराला यातलं काही कळायची गरज नाही. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याला मात्र कळायलाच हवं.

22 सप्टेंबर 2025 ला दर बदलले तेव्हाही दोष दुकानदारावरच गेला. फरसाण-नमकीन 12 वरून 5 वर आलं, टूथपेस्ट, शाम्पू 18 वरून 5 वर. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर थेट मालाच्या नावाला चिकटवलेला असतो, तिथे दुकानदार 12 पुसून 5 लिहितो आणि नवी बिलं ठीक निघतात. मग ऑगस्टमध्ये विकलेला माल परत येतो. क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची उलटी पावती) मूळ विक्रीच्या दराने निघायला हवी, म्हणजे 12 ने, पण सॉफ्टवेअर आजचा दर उचलतं आणि 5 ने काढतं. दर तारखेसकट साठवायला हवा: अमुक तारखेपर्यंत 12, तिथून पुढे 5. आणि माल परत घेताना नवं कोरं पान उघडण्याऐवजी मूळ बिलाचा नंबर विचारावा, दर तिथूनच यावा. एवढी एक सोय असती तर त्या दिवाळीत पुष्कळ सीएंची रात्रपाळी वाचली असती.

चूक जिथे होते तिथेच पकडायची, हे इथल्या टीमना चांगलं जमतं, ते मान्य करायला मला जड जात नाही. आपल्याकडेही त्याला अडचण काहीच नाही. जीएसटीआयएन, म्हणजे व्यापाऱ्याचा जीएसटी नोंदणी क्रमांक, 15 अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पुढची दहा अक्षरं पॅनची. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं, त्यामुळे टाइप करताना एक अक्षर चुकलं तर ते इंटरनेटशिवाय, त्याच क्षणी ओळखता येतं. तरी कितीतरी ॲप पंधरा अक्षरं भरली की गप्प बसतात. चूक उघडी पडते पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला, जेव्हा खरेदीदाराच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या त्याच्या खरेदीबिलांच्या यादीत, ते बिल दिसत नाही आणि तो पैसे अडवून धरतो.

बँकेच्या नोंदी थेट हिशेबात येतात ही इथली सोय तिकडे हेव्याने सांगितली जाते. तिचाही व्याप आहेच. कार्ड मशीनवाला आपला आकार कापून उरलेली रक्कम खात्यावर टाकतो, कॅफेवाला तीच विक्री म्हणून धरतो आणि उलाढाल कमी दिसते. 90,000 पौंडांची व्हॅट मर्यादा ओलांडल्याचं त्याला उशिरा कळतं. किंवा हाताने लिहिलेली जमा आणि बँकेतून आलेली जमा अशी एकच रक्कम दोनदा चढते. थेट खात्याला जोडलेल्या यूपीआयमध्ये दुकानदाराची पूर्ण रक्कम येते, प्रत्येकाची ओळ वेगळी, सोबत 12 आकडी संदर्भ क्रमांक. जुळणी करायला याहून चांगला धागा इथे आमच्याकडे नाही. तो वापरून ‘हे 460 जोशींच्या बिलाचे दिसतात, लावू का?’ एवढं विचारणारी स्क्रीन प्रत्येक दुकानात हवी.

आणि टॅलीला, बंगळुरूच्या त्या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, जुनाट म्हणणाऱ्यांनी एकदा हात बसलेल्या माणसाला बिल काढताना पाहावं. एफ-8, पार्टी, माल, नग, एंटर, एंटर. माउसला हात लागत नाही, नजर गिऱ्हाइकावर. इथल्या गोलगोमट्या बटणांच्या ॲपमध्ये तेच काम करायला दुप्पट वेळ जातो. गर्दीच्या काउंटरवर काय चालतं हे बंगळुरूत 1986 पासून लोकांना ठाऊक आहे, आणि आम्ही ते परदेशी नमुने बघून विसरायला निघालोय.

माझा राग फक्त सॉफ्टवेअरचा नाही, हे लिहिता लिहिता मलाच दिसतंय. इथल्या मीटिंगमध्ये ‘भारतातला छोटा व्यापारी’ म्हणून एक बिचारा उभा करतात तेव्हा मी भांडतो. आपलीच माणसं तेच बोलतात तेव्हा भांडायला जागा उरत नाही. मी पगार घेतो तो ब्रिटिश बिल्डरचं सीआयएस, म्हणजे बांधकामाच्या पैशातून कर कापून भरण्याची इथली पद्धत, सोपं करण्याचा. ज्या दुकानांची बाजू मी इतक्या तावातावाने घेतोय, त्यांचं मी आता गिऱ्हाईकसुद्धा नाही. गावी गेलो की पाहुणा म्हणून मला पिशवी देऊन दुकानात कुणी पाठवतही नाही. तरी ती बाजू मला परकी वाटत नाही, आणि ती सोडायची माझी तयारी नाही.

म्हणून शिबिरवाल्यांकडे एकच मागणं आहे. संध्याकाळी सातला एखाद्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहा. बिल काढणं, उधारीचे पैसे जमा करणं, माल परत घेणं, चुकलेलं बिल रद्द करणं आणि दिवसाची हातशिल्लक बघणं, ही पाच कामं दुकानदाराला आपल्या सॉफ्टवेअरवर करू द्या. मधे बोलू नका, बोटाने दाखवू नका. त्याचं बोट जिथे थांबेल त्या स्क्रीनचं नाव लिहून घ्या, आणि शिबिराचा खर्च त्या स्क्रीनवर करा.