पाय बघतात, डोकं कोण बघणार?

माझ्या ताईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) होऊन २६ वर्षं झाली, आता ती ६३ ची आहे. आमच्या सोसायटीतल्या भिशीचा हिशोब कित्येक वर्षं तीच बघते. हल्ली बेरीज बरोबरच येते पण वेळ लागतो, आणि मध्येच कोणी काही विचारलं की परत पहिल्यापासून. दोघीतिघी एकदम बोलायला लागल्या की ती गप्पच बसते. मागच्या खेपेला डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले वय झालं आता, चालायचंच. ताई तिथे हसली पण रिक्षात घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मला राग याचाच आहे. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खाते, म्हणजे वायरीवरचं प्लॅस्टिक सोलल्यासारखं, मग निरोप पोचतो पण उशिरा. शार्को या फ्रेंच डॉक्टरने १८६८ साली पॅरिसमध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हाच पेशंटची स्मरणशक्ती मंदावते असं लिहून ठेवलंय. दीडशे वर्षं उलटली तरी दवाखान्यात चालून दाखवा, बोट नाकाला लावा, एवढंच. एमएस किती वाढलाय हे मोजायची ती ईडीएसएस नावाची पट्टी आहे ना, कुर्ट्झ्केची, तिच्यावर आकडा चारच्या पुढे गेला की जवळपास सगळं चालण्यावरच. डोक्याचं बघायला एसडीएमटी नावाची साधी टेस्ट आहे, नऊ चिन्हं, प्रत्येकाला एक आकडा, ९० सेकंदांत किती जुळवता ते सांगायचं. तोंडी सांगितलं तरी चालतं, हात थरथरत असला तरी अडत नाही. दीड मिनिट! आमची २६ वर्षांत एकदाही झाली नाही.

आणि दुसरी गोष्ट, औषधं. एमएसवरचं पहिलं इंटरफेरॉन (इंजेक्शनचं औषध) अमेरिकेत १९९३ ला आलं, नंतर एकाहून एक भारी औषधं आली, पण मोठ्या ट्रायल्समध्ये बहुतेक वेळा ५५ च्या वरच्यांना घेतच नाहीत. ऑक्रेलिझुमॅब या औषधाची प्रायमरी प्रोग्रेसिव्हवाली (म्हणजे सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसवरची) ट्रायल सुद्धा १८ ते ५५ वयाच्यांचीच. म्हणजे ताईसारख्यांनी तिशीतल्या पोरांच्या आकड्यांवर भरवसा ठेवून महागडी इंजेक्शनं घ्यायची. वय वाढतं तसे अटॅक कमी होतात आणि औषधाचा उपयोगही कमी होत जातो असं दिसतंय, वर इन्फेक्शनची भीती वाढते ती वेगळीच. मग चालू ठेवायचं की थांबवायचं?

यावर अमेरिकेत डिस्कॉम्स नावाची ट्रायल झाली, २०२३ ला निकाल आला. ५५ च्या पुढचे २५९ लोक, ५ वर्षांत एकही रिलॅप्स (म्हणजे नवा अटॅक) नाही असे, निम्म्यांचं औषध चालू आणि निम्म्यांचं बंद. चालू असलेल्यांपैकी ६ जणांना आणि बंद केलेल्यांपैकी १६ जणांना रिलॅप्स किंवा एमआरआयवर नवा डाग आला, त्यातही बहुतेक नुसते डाग. म्हणजे बंद केलं तरी चालतं असं काही छातीठोक सांगता आलं नाही, पण बहुतेकांना काहीच झालं नाही हेही खरंच. (हे वाचून कोणी आपल्या मनाने इंजेक्शन बंद करू नका रे बाबांनो, आमच्या घरी तो प्रयोग २००९ ला झालाय आणि ताई चार महिने अंथरुणात होती.)

डोक्यासाठी म्हणून कॉगएक्स नावाची ट्रायलही झाली, प्रोग्रेसिव्ह एमएसवाले ३११ जण, कॉम्प्युटरवरचा मेंदूचा सराव आणि व्यायाम, १२ आठवडे. दोन्ही एकत्र करून जास्त फायदा होतो का बघायचं होतं, तसा काही झाला नाही. वाचून मी जरा खट्टू झाले, पण निदान बघितलं तरी कोणीतरी! नाही झालं हेही कळायलाच हवं ना.

मला स्वतःला जे शेवटी उपयोगी पडलं ते फारच साधं आहे. लघवी वारंवार होते म्हणून ताईला कधीपासून ऑक्सिब्युटिनिन चालू आहे, आणि अशा गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं डोकं जड होतं, विसरायला होतं, हे मला मागच्या महिन्यात कळलं. वर कडकपणासाठी बॅक्लोफेन, त्यानेही झोप येते. यातलं एमएसचं किती, गोळ्यांचं किती, वयाचं किती, हे कोणी वेगळं करून बघितलंच नाही, सरसकट सगळं वयाच्या खात्यावर.

गुरुवारी दुसऱ्या न्यूरोची अपॉइंटमेंट आहे. सगळ्या गोळ्यांची यादी मी करणार होते, ताईने स्वतःच करून ठेवली, दोन दिवस लागले तिला. मी विसरलेली एक गोळी तिने त्यात लिहिलीये.