'सायक रेफरन्स' लिहिलं की झालं?

आज राउंडला एका रेसिडेंटने (वॉर्डात काम करत एमडी शिकणारा डॉक्टर) जीव द्यायला फवारणीचं औषध पिऊन आलेल्या पोराला सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, परत पिशील का?" तो मान खाली घालून नाही म्हणाला आणि राउंड पुढच्या बेडला गेला. झालं समुपदेशन! डोकं फिरलंय माझं, घरी येऊन जेवलेपण नाही अजून.

आधी हे सांगते, ही रेसिडेंट पोरं पेशंट वाचवतात कशी ते मी रोज बघते. विषावरचं अ‍ॅट्रोपिन चालू केलं की दर थोड्या वेळाने बाहुल्या बघ, छाती ऐक, पल्स बघ, रात्रभर बेडपाशी उभी असतात. त्यांना कोणी नावं ठेवली तर मीच भांडेन. पण पेशंट शुद्धीवर आला, ऑक्सिजन निघाला की त्यांच्या लेखी केस संपली. केसपेपरवर 'सायक रेफरन्स', म्हणजे मानसोपचारवाल्यांना दाखवा, आणि डिस्चार्ज.

मागे एक बाई होती, दोन लहान लेकरं, फवारणीचं औषध प्यायलेली. मरता मरता वाचली. डिस्चार्जच्या आदल्या रात्री मी सलाईन काढत होते तर हळूच म्हणाली, "सिस्टर, तो डबा अजून घरीच हाय, न्हाणीतल्या फळीवर." म्हणजे बघा, इतके दिवस आयसीयू, वॉर्ड, राउंडवर राउंड, आणि घरी औषध आहे का एवढं तिला कोणी विचारलंच नव्हतं! रेसिडेंटला सांगितलं तर म्हणाला ते सायकवाले बघतील. सायकची ओपीडी तिच्या डिस्चार्जनंतर होती. नवऱ्याला शेवटी मीच बाजूला घेऊन सांगितलं.

आता म्हणाल त्यांना वेळ कुठंय. मान्य, सलग छत्तीस तास ड्युटी करणाऱ्या पोराकडून काय काय अपेक्षा करायच्या, आणि त्यातली किती जणं स्वतःच ड्युटीरूममध्ये रडतात तेही मला माहितीय, त्यांना तरी कोण विचारतं. पण "मरावंसं वाटतंय का अजून, घरी औषध आहे का, सोबत कोण असेल" याला किती वेळ लागतो? नीट विचारलं तर पेशंटच्या डोक्यात नसलेलं भरतं, ही भीती अजून डॉक्टरांनाच आहे! तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

चूक पोरांची नाहीच खरं तर, त्यांना शिकवलंय कोणी? इंटर्नशिपला सायकियाट्रीचे २ आठवडे सक्तीचे केलेत, ठीक, पण तेवढ्यावर मेडिसिनच्या एमडीने तीन वर्षं काढायची का? सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) टाकताना सिनिअर मागे उभा असतो ना, तसा सायकचा सिनिअर आठवड्यातून एकदा आमच्या राउंडला येऊ दे, रेसिडेंट कसं विचारतो ते ऐकू दे, चुकलं तर तिथंच सांगू दे. आणि पीजींना (एमडी-एमएस करणाऱ्या रेसिडेंटना) तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवतात, त्यातले थोडे दिवस तिथल्या मानसिक आरोग्याच्या ओपीडीत बसवा. सर्जरी, गायनिक सगळ्यांनाच. बाळंतिणीच्या उदासीला 'हार्मोन्स आहेत, होतं असं' म्हणून घरी पाठवतात, तो वेगळाच विषय आहे, त्यावर परत लिहीन.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ११५ कलम आहे, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन सरकारने बघायचं. आमच्याकडे एमएलसीचा (पोलिसांना कळवायचा) कागद तेवढा वेळेवर जातो, बाकी देवाच्या भरवशावर.

सोमवारी मी मेट्रन मॅडमकडे अर्ज देतेय. डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी वाढवा आणि त्या रेसिडेंटने पेशंटशी बोलून स्वतःच्या हाताने भरायच्या, घरातलं औषध कोणाच्या ताब्यात दिलं, सायकची पुढची तारीख, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर समजावला का. आपल्या हॉस्पिटलच्या ज्यांना सही करायचीय त्यांनी इनबॉक्स करा, रेसिडेंट असाल तर नक्कीच करा.