लांब दांडा, जाड रबर आणि फसवा सल्ला

पाण्याखाली भाल्याने मासे मारायला नव्याने शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: पोलस्पिअर (रबराच्या फासाने ताणून हाताने सोडायचा भाला) घ्यायचाच तर मिळेल तेवढा लांब घ्या, लांबून मासा टिपता येतो. रबर सगळ्यात जाड लावा. टोक पाच काट्यांचं बसवा, नेम थोडा चुकला तरी एखादा काटा लागतोच. दांडा कार्बनचाच हवा. ही काही बंदूक नव्हे, त्यामुळे इजेची भीती नाही. आणि बुडी मारण्याआधी वीस-पंचवीस वेळा भराभर खोल श्वास घ्या, दम दुप्पट टिकतो.

यातला शेवटचा मुद्दा जीव घेऊ शकतो. बाकीच्यांनी पैसे वाया जातात आणि अर्धवट जखमी झालेले मासे पळून जाऊन कुठेतरी कपारीत मरतात. मला हे दुसरं नुकसानही लहान वाटत नाही.

‘जितका लांब, तितका पल्ला’

हे तपासायचं तर भाला सुटताना नेमकं काय होतं ते बघावं लागेल. पोलस्पिअरच्या मागच्या टोकाला रबराचा फास असतो. तो अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीत अडकवायचा, हात दांड्यावरून पुढे सरकवत रबर ताणायचं आणि दांडा मुठीत धरून ठेवायचा. मूठ उघडली की दांडा पुढे जातो. फास हातातच राहतो, त्यामुळे भाला तुमच्यापासून सुटून जात नाही. दांडा नळीतून आरपार निघून जातो ती हवाईयन स्लिंग. ते हत्यार वेगळं, आणि या दोघांची गल्लत केल्यामुळेही पल्ल्याबद्दल पुष्कळ गैरसमज झाले आहेत.

आता आकडे घेऊ. समजा दांडा 2 मीटरचा आहे, मूठ मागच्या टोकापासून 1.2 मीटर पुढे आहे आणि न ताणलेला फास 60 सेंटीमीटरचा आहे. मूठ सोडल्यावर पहिले 60 सेंटीमीटर रबर दांड्याला ढकलतं. तिथे ते सैल पडतं. पुढे दांडा मिळालेल्या वेगावर सरकतो, मुठीतून पार होतो आणि मागचं टोक हाताच्या 60 सेंटीमीटर पुढे गेलं की फास त्याला अडवतो. एकूण प्रवास 1.8 मीटर. सुरुवातीला टोक हाताच्या 80 सेंटीमीटर पुढे होतं, म्हणजे ते जास्तीत जास्त 2.6 मीटरपर्यंत पोहोचतं. हात पुढे लांबवला तर आणखी थोडं. पण रबर सुटल्यानंतरच्या सगळ्या वाटेवर पाणी दांड्याला रोखतच असतं. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन आहे. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात टोक खवल्यांना नुसतं टोचतं, आत घुसत नाही. खरा मारा त्या हद्दीच्या बराच अलीकडे संपतो.

याच हाताने, याच रबराने 3 मीटरचा दांडा सोडला तर? प्रवास तोच, 1.8 मीटर. कारण तो ठरतो ताणावर आणि फासाच्या लांबीवर, दांड्याच्या लांबीवर नाही. लांब दांड्याचा फायदा एकच आणि तो खरा आहे: दांड्याचा जास्त भाग मुठीच्या पुढे राहतो, म्हणून तुमचं अंग माशापासून एक मीटर लांब राहूनही टोक त्याच्याजवळ नेता येतं. मोकळ्या, स्वच्छ पाण्यात बुजऱ्या माशासाठी हे कामाचं आहे. मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. दांडा जड असेल तर त्याच रबरावर तो सावकाश सुटतो. आणि आडवा फिरवताना पाणी त्याला असं अडवतं की मासा बाजूला वळला की तुमचं टोक मागेच राहतं. खडकांच्या फटीत तर तो वळवताच येत नाही.

उलट फार आखूड दांड्यावर हात पुरेसा पुढे नेता येत नाही, ताणच मिळत नाही. म्हणून दीड मीटरपेक्षा कमी दांडा सर्वसाधारण कामाला अपुरा पडतो. अपवाद कपारीत एका जागी स्थिर राहणाऱ्या माशांचा. मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश अटलांटिकमध्ये फ्लोरिडाजवळ 1985 मध्ये आढळला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. त्याला मारणारे लोक हातभर लांबीचे भाले वापरतात, कारण तो जवळ गेलं तरी फारसा हलत नाही. (त्याच्या परांवर 18 विषारी काटे असतात, तेव्हा भाल्यावरून काढताना हात लावायचा नाही.) शिकणाऱ्याने दोन मीटरच्या आसपासचा दांडा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पल्ल्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी त्या सल्ल्यात कुठेच नाही. मास्कच्या काचेतून पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर दिसते आणि त्या प्रमाणात मोठीही. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर आहे असं वाटतं. वरच्या उदाहरणातला भाला घेऊन ‘दोन मीटरवर आहे, सोडावा’ असं तुम्ही ठरवलंत, तर मासा खरोखर जवळपास 2.7 मीटरवर आहे, म्हणजे टोक पोहोचतं त्या हद्दीच्याही जरा पलीकडे. नवशिक्यांचे बहुतेक नेम डावी-उजवीकडे चुकत नाहीत, ते आखूड पडतात. यावर उपाय म्हणजे तळाशी एखादा दगड निवडायचा, अंदाज करायचा आणि दांडा पुढे करून टोक खरंच किती लांब राहतं ते पाहायचं. काही दिवसांत डोळा बसतो. मासा नसतानाच हा सराव करावा.

‘रबर सगळ्यात जाड’

हा मुद्दा पटण्यासारखा दिसतो, म्हणूनच तो जास्त फसवतो. रबरात साठणारी ऊर्जा ढोबळमानाने ताणाचा जोर गुणिले ताणाची लांबी, त्याच्या निम्मी. जोर किती पेलायचा हे तुमच्या मुठीवर ठरतं. मूठ ओली, बहुधा हातमोज्यात, आणि पाण्यात थंड पडलेली असते. समजा ती 15 किलो वजनाएवढा जोर धरू शकते. पातळ रबर तेवढा जोर लागेपर्यंत 80 सेंटीमीटर ताणलं जातं आणि जाड रबर 40 सेंटीमीटरलाच. मुठीला श्रम दोन्हीकडे सारखेच. पण जाड रबराने दांड्याला निम्मीच ऊर्जा दिली. शिवाय मूठ टोकाच्या फार मागे राहिल्यामुळे प्रवासही घटला.

म्हणजे योग्य रबर ते, जे तुम्ही पूर्ण ताणून काही सेकंद हात न थरथरता धरू शकता. थरथर हा इथे कळीचा मुद्दा आहे. मुठीतली बारीक थरथर दांड्याच्या टोकाला कितीतरी मोठी होऊन पोहोचते. याच कारणाने भाला ताणून पोहत फिरायचं नसतं. अनेकजण बुडी मारतानाच ताणतात. मासा समोर येईपर्यंत पुढचा हात भरून येतो, मग घाईने सोडतात. जवळ पोहोचल्यावर, शेवटच्या टप्प्यात, सावकाश ताणायचं. झटका दिला तर मासा दचकतो. सोडताना बोटं फक्त उघडायची, हात फेकायचा नाही. मनगट हललं की टोक गेलंच.

रबराची निगा राखणं ताकदीपेक्षा महत्त्वाचं. वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात ठेवू नका, गाठीजवळ बारीक चिरा दिसल्या की बदला. ताणलेलं रबर तुटलं की ते हातावर किंवा तोंडावर येतं.

‘पाच काटे म्हणजे हमखास’

प्रत्येक काटा जोराचा आपला वाटा घेतो. एका टोकावर पडणारा सगळा जोर पाच ठिकाणी वाटला की एकही काटा खोल जात नाही. जाड खवल्याच्या, दणकट अंगाच्या हेकरूवर किंवा मोठ्या तांबोशीवर पाच काटे नुसते आपटतात, दोन-तीन खवले उडतात आणि मासा जखम घेऊन निसटतो. वर पाण्याचा अडथळा जास्त, आणि खडकावर एकदा आपटलं की काटे वाकतात.

लहान, मऊ अंगाच्या माशांसाठी अनेक काटे चालतात. त्यातही तीन काट्यांचं, जवळजवळ बसवलेलं टोक बरं: ते आदळताना थोडं फाकतं आणि मासा जागीच थिजतो. एकेरी टोकाला मागे उघडणारी आकडी असेल तर ते मध्यम आणि मोठ्या माशांसाठी. ते आरपार गेलं की आकडी उघडते आणि मासा धरून राहतो. आरपार गेलं नाही तर आकडी उघडत नाही, म्हणून ते जवळूनच सोडावं लागतं. फार मोठ्या माशांसाठी सुटं होणारं टोक असतं. ते माशाच्या अंगात आडवं फिरून अडकतं आणि दांड्यापासून निघून दोरीवर राहतं, त्यामुळे माशाच्या झटापटीत दांडा वाकत नाही. अशा टोकाने पोलस्पिअरवर ट्यूनासुद्धा मारले गेले आहेत. पण ती दोरी तरंगत्या बोयेला जोडायची. स्वतःच्या अंगाला कधीही नाही.

आणि नेम नेहमी डोक्याच्या मागे, कण्याच्या रेषेवर. तिथे लागलं तर मासा तत्काळ शांत होतो. पोटात लागलेला मासा मांस फाडून सुटतो. लागल्यावर दांडा मागे ओढायचा नाही, पुढे रेटून माशाला तळावर किंवा खडकावर दाबून धरायचं, मग दुसरा हात कल्ल्यामागे घालायचा.

‘कार्बनचाच’

हलका आणि ताठ असल्यामुळे कार्बन चांगला सुटतो, यात वाद नाही. पण खडकावर आपटून त्याला पडलेली तड बाहेरून दिसत नाही. त्याच्या अॅल्युमिनियमच्या जोडांवर खारं पाणी साचून राहिलं तर धातू खाल्ला जातो, जोड जाम होतात. फायबरग्लास थोडा लवचिक असतो, सुटताना किंचित लचकतो आणि जोराचा काही भाग त्यात जातो. तरी तो मार खातो आणि स्वस्त असतो. त्याचा वरचा थर झिजला की बारीक तुसं हातात घुसतात, एवढं लक्षात ठेवलं तर शिकण्यासाठी मी फायबरग्लासच सुचवेन. दांडा कशाचाही असो, जोड प्रत्येक बुडीआधी हाताने पिळून पाहा.

‘बंदूक नाही, त्यामुळे धोका नाही’

काही देशांत भाल्याची बंदूक बंद आहे आणि पोलस्पिअरला मुभा आहे. बहामात तसंच आहे. त्यावरून हत्यार निरुपद्रवी ठरत नाही. त्याला खटका नाही, म्हणजे सुरक्षा-कळही नाही. तुमची बोटं हाच खटका. लाटेचा धक्का बसला, पायाला पेटका आला, मूठ सैल झाली की भाला सुटला. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर, बोटीवर किंवा किनाऱ्यावर तो कधीही ताणायचा नाही. पाण्याबाहेर टोकावर टोपण असलंच पाहिजे. गढूळ पाण्यात सोबती नेमका कुठे आहे हे दिसत नसेल तर ताणायचाच नाही, समोर कितीही मोठा मासा असो.

‘भराभर श्वास घ्या’

हे वाचूनच मला राग आला. श्वास घ्यायची जी ओढ लागते ती ऑक्सिजन संपल्यामुळे नसते, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे असते. भराभर खोल श्वास घेतल्याने ऑक्सिजन जवळपास वाढत नाही, कारण निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे दम वाढला नाही, धोक्याची घंटा बंद केली. तुम्हाला बरं वाटत असतं आणि ऑक्सिजन घटतच असतो.

त्यात खोली भर घालते. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे फुफ्फुसातला उरलासुरला ऑक्सिजनही शरीराला पुरतो. वर येताना दाब निम्मा होतो आणि त्याबरोबर ऑक्सिजनचा दाबही. शेवटच्या काही मीटरांत, किंवा डोकं बाहेर काढल्यावर काही क्षणांनी, माणूस कुठलीही सूचना न मिळता बेशुद्ध पडतो. सोबतीला कोणी नसेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको. पोलस्पिअर वापरणाऱ्याला हा धोका जास्त, कारण त्याला माशाच्या अगदी जवळ जावं लागतं आणि ‘अजून दोन सेकंद’ थांबण्याचा मोह तिथेच होतो.

बुडीआधी शांतपणे, नेहमीसारखाच श्वास घ्यायचा आणि शेवटचा एक पूर्ण भरून खाली जायचं. दोन बुड्यांमध्ये वर थांबायचा वेळ बुडीच्या वेळेच्या किमान दुप्पट. कमरेला बांधायचं वजन इतकंच की पृष्ठभागावर श्वास सोडल्यावरही तुम्ही तरंगलं पाहिजे. जोडीने जा. एक खाली तर दुसरा वर, आणि वरच्याने भाला न ताणता, मासे न शोधता फक्त खालच्याकडे पाहायचं. तो वर आल्यावर पहिले 30 सेकंदही नजर हटवायची नाही. तो नीट श्वास घेतोय, विचारल्यावर उत्तर देतोय, हे पाहूनच स्वतः खाली जायचं.