सबटायटलं कोण वाचणार म्हणे!

आज आमच्या फिल्म सोसायटीच्या बैठकीत पुढच्या महिन्यांचे सिनेमे ठरत होते. विषय ऐंशीचं दशक. मी 'बाशू' सुचवला, इराणच्या बहराम बेझाईंचा. लगेच उत्तर आलं, "मॅडम, आपल्या प्रेक्षकाला झेपायला हवं ना! सबटायटलं कोण वाचत बसणार?" शेवटी यादीत उरले ते सगळे हॉलिवूडचे, प्रत्येकाने घरी पाहिलेले. तेव्हापासून डोकं तापलंय.

हा सिनेमा मी आईबरोबर बघितलाय. आई दापोलीकडची, शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी सबटायटलांचा तिला काय उपयोग? मी मधेमधे सांगायला लागले तर म्हणाली, "तू गप बस गो. कळतंय मला."

आणि कळत होतंच. इराण-इराक युद्धात खुजेस्तानमधल्या एका पोराचं घरदार बॉम्बमध्ये जातं. तो ट्रकमध्ये लपतो आणि पार उत्तरेला, गिलानच्या भातशेतीत जाऊन उतरतो. पोरगा काळासावळा, अरबी बोलणारा. तिथली नाई नावाची बाई गिलकी बोलणारी, पदरात दोन मुलं, नवरा कामासाठी लांब. अहो, सिनेमातल्या माणसांनाच एकमेकांचं बोलणं कळत नाही, आणि तुम्ही सबटायटलांचं काय घेऊन बसलात!

नाई त्याच्या रंगाला मळ समजून त्याला साबणाने घासघासून धुते, तिथे आई हसली आणि हसताहसताच डोळे पुसायला लागली. शेतात रानडुक्कर शिरल्यावर तर, "मेल्यांनी तिथंही पाठ सोडली नाही!" बुजगावणं, पाखरं हाकलणं, सगळं तिच्या माहेरचंच.

हो, हॉलचं भाडं वाढलंय, माणसं कमी आली तर खिशातून भरावं लागतं. मान्य. पण "आपला प्रेक्षक" म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर नक्की कोण असतं? माझी आई नसतेच. तिला काय झेपतं हे तुम्ही परस्पर ठरवून टाकता, याचा मला राग येतो.

त्या दशकात माणसांनी काय परिस्थितीत सिनेमे केलेत! 'बाशू' तयार होऊन पडून राहिला, लोकांसमोर आला तो युद्ध संपल्यावर, १९८९मध्ये. तुर्कस्तानच्या यिलमाझ गुनेंनी तुरुंगातून 'योल' लिहिला, बाहेर शेरीफ गोरेनकडून चित्रित करून घेतला, मग तुरुंगातून निसटून युरोपात स्वतः संकलनाला बसले. १९८२मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पाम द'ऑर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, विभागून. मालीच्या सुलेमान सिसेंच्या 'येलेन'ला १९८७मध्ये तिथेच ज्युरी पारितोषिक. यातलं एकही नाव आज बैठकीत कुणी घेतलं नाही. चांगली, वाचणारी माणसं आहेत हो सगळी. म्हणून जास्त लागलं.

नाई आजारी पडते, तेव्हा ते पोर ढोल बडवत आकांत करतं. त्याच्याकडे त्याच्या मुलखातला तेवढाच इलाज असतो. आई तेव्हा माझा हात धरून बसली होती. नाईचं काम करणाऱ्या सुसान तस्लिमींचं नाव तिला आजही माहीत नाही, पण "ती भातवाली बाई" कशी आहे, हे मला अजून अधूनमधून विचारते, शेजारीण असल्यासारखं.

पुढच्या बैठकीत 'बाशू'चं नाव पुन्हा देणार आहे, सोबत 'योल' आणि 'येलेन'ही. सोसायटीतले जे हे वाचताय, त्यांनी त्या दिवशी कृपा करून गप्प बसू नका.