गावाकडचा सिनेमा पुण्यात कसा बघावा

गावाकडच्या पोराचा सिनेमा लागला की कोथरूडला रविवार संध्याकाळचा शो धरावा. शुक्रवारी जाऊ नये. परीक्षणं छापून आल्याशिवाय सिनेमा आपल्याला आवडला की नाही, हे कळत नाही.

पोरगं उन्हात अनवाणी चालायला लागलं की शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेतानं ‘काय फ्रेम आहे!’ म्हणावं. कॅमेऱ्याचं कौतुक केलं की गरिबीवर वेगळं बोलावं लागत नाही. ‘फँड्री’त जब्या शेवटी दगड थेट प्रेक्षकांवर भिरकावतो. घाबरू नका, तो मागच्या रांगेसाठी असतो. मागच्या रांगेतले समजतात, पुढच्यांसाठी आहे. त्यामुळे २०१४ पासून तो कुणालाच लागलेला नाही.

‘सैराट’चं जरा अवघड आहे. मध्यंतरापर्यंत शिट्ट्या मारून घ्याव्यात. पोरं पळून हैदराबादला पोचली की ‘उत्तरार्ध लांबलाय’ म्हणावं. शेवटी पडद्यावरचा आवाज जातो, तेव्हा पार्किंगची पावती शोधायला घ्यावी. ‘झिंगाट’ तेवढं सोबत न्यावं. गणपतीच्या मिरवणुकीपासून चुलतभावाच्या हळदीपर्यंत कुठंही चालतं, आणि आर्ची-परश्याचं पुढं काय झालं हे नाचताना कुणाच्या ध्यानात राहत नाही.

‘किल्ला’ मात्र बिनधास्त बघा. त्यातला मुलगा पुण्याहून कोकणात जातो, म्हणजे आपलाच. बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर हे बक्षीस मिळालं, तेही आपलंच.

बाहेर कॉफी घेताना ‘गावाकडे अजून असं चालतं?’ असं विचारावं. ‘अजून’वर जोर हवा. (आवाज किंचित कापरा करता आला तर उत्तम.)

दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या तुमच्या वाड्यात करमाळ्याकडचा एखादा पोरगा वरची खोली बघायला येईल. स्पर्धा परीक्षावाला, पाठीला सॅक, चपला दाराबाहेर काढून उभा. ‘सैराट’ तुमच्याकडचाच ना, म्हणून आपुलकीनं चौकशी करावी. जात विचारू नये, ते खेड्यात. आपण आडनाव विचारावं. आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘म्हणजे मूळचे कुठले?’, आणि तरीही नाहीच झाला तर ‘नॉनव्हेज खाता का?’ तो ‘कधीतरी’ म्हणाला की खोली कालच गेलेली असते.

‘खोली भाड्याने देणे आहे’ची पाटी मात्र काढू नये. खोली अजून रिकामीच आहे.